पानाची पाठ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या आधी बोलणाऱ्या मित्राने आपल्या बॅचमधल्या कोणी किती देश पाहिले त्याची यादी वाचून दाखवली. त्यात माझं नाव नव्हतं आणि ते बरोबरच आहे. गेली तीस वर्षं माझं सगळं काम मावळ आणि खेड या दोन तालुक्यांत झालं. पण या दोन तालुक्यांतली जेवढी पानं मी उलटी करून पाहिली आहेत, तेवढी तुमच्यापैकी कोणी पाहिली नसतील. तेव्हा आज त्याच्यावरच बोलते. कंटाळा आला तर मागच्या बाकावरच्यांनी नेहमीप्रमाणे खुशाल गप्पा माराव्यात. बाई आता खडू फेकून मारणार नाहीत.

आपली दहावी झाली १९८५ साली. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. घराघरात एकच बोलणं असायचं: आयटीआयला नंबर लागला की कंपनीत चिकटलास. आपल्यातले निम्म्याहून जास्त जण शिफ्टच्या बसमध्ये चढले. मी शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजात गेले. तेव्हा आपल्यातल्याच एकाने मला विचारलं होतं, "शेतकी शिकून करणार काय? इथे शेतं राहणार आहेत का?" तो आज समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचं स्वतःचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे आणि पानावर काही दिसलं की रात्री साडेनऊला मला फोन येतो. मी नाव सांगत नाही, पण तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला कळलंच.

पानाला दोन बाजू असतात हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वरची गडद, गुळगुळीत, चकचकीत. खालची फिकट, खरबरीत, शिरा वर आलेल्या. आपल्याला नववीत पानाच्या आडव्या छेदाची आकृती होती. वरची अपित्वचा, मग खांबांसारख्या पेशी, मग स्पंजासारख्या पेशी, मग खालची अपित्वचा. आपण ती पाठ केली आणि बाणांना पट्टी लावून नावं दिली. पण या आकृतीत बाईंनी विचारलेला एक प्रश्न मला अजून आठवतो. "पान फांदीवर सरळ खाली लोंबत असेल, तर त्याची वरची बाजू कुठली?" कोणालाच आलं नव्हतं. घंटा झाली आणि प्रश्न राहून गेला. उत्तर मला कॉलेजात मिळालं. पान जेव्हा कळीत असतं, दिसतही नाही इतकं लहान, तेव्हा त्याची जी बाजू खोडाच्या टोकाकडे तोंड करून असते ती वरची. पुढे ते पान लोंबो, वळो, पिळो, ती बाजू वरचीच राहते. म्हणजे वर-खाली हे आभाळावरून ठरत नाही, खोडाकडे तोंड कुठल्या बाजूचं होतं यावरून ठरतं. बुकेमध्ये हल्ली आल्स्ट्रोमेरियाची फुलं असतात. त्याचं पान पाहा. ते बुडाशी पूर्ण पीळ घेतं आणि पालथं होतं. जन्माची खालची बाजू वर येते आणि वरच्या बाजूचं काम करायला लागते.

आता ही दोन बाजूंची कामं थोडी सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

पानाची जाडी बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यात दोन खाती चालतात. वरच्या बाजूला लांबट पेशी एकमेकींना खेटून उभ्या, पहिल्या शिफ्टला पंचिंगच्या मशीनसमोर रांग असते तशा. त्यांच्यात हरितलवकं खच्चून भरलेली, कारण ऊन तिकडून येतं. खालच्या थरात पेशी वेड्यावाकड्या आणि मध्ये भरपूर मोकळी जागा, हवा खेळण्यासाठी. आणि अगदी तळाला पर्णरंध्रं. कारखान्याच्या छताला पत्रा आणि भिंतीत खिडक्या असाव्यात, तसं. साधारण पानात एका चौरस मिलिमीटरमध्ये शंभर ते तीनशे रंध्रं असतात. पेन्सिलीच्या टोकाने एक ठिपका काढा, तेवढ्या जागेत. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी, त्या फुगल्या की दार उघडतं, सैल पडल्या की मिटतं. झाड जे पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त याच दारांतून जातं. ही दारं वर उन्हात ठेवली असती तर झाड दुपारपर्यंत सुकलं असतं. शिवाय वर पावसाचं पाणी साचणार, धूळ बसणार. म्हणून आंबा, वड, गुलाब यांची रंध्रं खालच्या बाजूला.

पण सगळ्यांचं असं नाही आणि मला खरी गंमत इथेच वाटते. ज्वारी, भात, ऊस यांची पानं उभी असतात, ऊन दोन्हीकडून लागतं, तर रंध्रंही दोन्हीकडे. कमळाचं आणि कुमुदाचं पान पाण्यावर टेकलेलं. खाली हवाच नाही, तर रंध्रं वरच्या बाजूला. निलगिरीचं मोठं झालेलं पान कोयत्यासारखं लोंबतं, त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. कंपन्यांच्या कंपाउंडला ओळीने लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे ना, तिचं तर पान पानच नाही. देठ चपटा होऊन पानाचं काम करतो आणि तोही कडेवर उभा असतो. आणि हायवेच्या दुभाजकातली कण्हेर! दिवसभर ट्रकचा धूर खाते, मे महिन्यात डांबर वितळतं तरी फुलते. तिच्या पानाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरा. खालच्या बाजूला खोल खड्डे दिसतील, खड्ड्यात केसांची दाटी आणि त्या केसांआड रंध्रं लपलेली. मी कितीतरी मुलांना हे दाखवलं आहे. एकालाही दुसऱ्यांदा 'शुष्कतेसाठी अनुकूलन' हे शब्द पाठ करावे लागले नाहीत. (कण्हेर विषारी आहे, तेव्हा दाखवल्यावर हात धुवायला लावते.)

चाकणचे आहात त्यांच्यासाठी कांदा. आपण लहान असताना चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार. आता चाकण म्हटलं की गाड्या. तर कांद्याची पात ही पोकळ नळी असते. तिची वरची बाजू कुठली, खालची कुठली? बाहेरून चहूबाजूंनी जे हिरवं दिसतं ते जवळजवळ सगळं खालच्या बाजूचंच. वरची बाजू नळीत वाढलीच नाही. मात्र तेच पान बुडाशी जिथे कांद्याचा पापुद्रा होतं, तिथे त्याला दोन्ही बाजू आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण पहिली स्लाइड केली ती कांद्याच्या पापुद्र्याच्या आतल्या, खोलगट बाजूची पातळ साल काढून. आयोडीन टाकलं, काच ठेवली, हवेचे फुगे आले आणि आपण ते फुगेच पेशी म्हणून वहीत काढले. ती साल म्हणजे एका पानाची वरची बाजू होती. कांदा हे पान आहे असं तेव्हा कुणाला वाटलं होतं?

आणि दुसरी स्लाइड रिओची. ऑफिसच्या व्हरांड्यात ज्या कुंड्या होत्या, वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं. त्या कुंड्या शोभेसाठी नव्हत्या, बाईंनी प्रयोगासाठी ठेवल्या होत्या. खालची जांभळी साल सोलली की जांभळ्या पेशींत मधे मधे हिरवी रंध्रं दिसतात. मिठाचं पाणी टाकलं की जांभळा रंग आक्रसून पेशीच्या मध्यावर येतो. आपल्या वर्गात अठ्ठावन्न मुलं आणि मायक्रोस्कोप एक. माझ्या वाट्याला साधारण दहा सेकंद आली असतील. त्या दहा सेकंदांवर माझं पुढचं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल.

आता पान चपटं का होतं, हा प्रश्न. बावळट वाटेल, पण त्याचं उत्तर सापडायला विसावं शतक जवळजवळ संपलं. इयन ससेक्स नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५१ साली बटाट्यावर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या मंचर-पेठच्या बाजूला शेतं भरून असतो तोच बटाटा. कोंबाच्या टोकाशी नुकतंच उमटणारं पान, टाचणीच्या माथ्याहून बारीक, ते आणि खोडाचं टोक यांच्यामध्ये त्याने चाकूची एक बारीक चीर दिली. बाकी काही केलं नाही. ते पान वाढलं, पण काडीसारखं. गोल. त्याला वरची बाजूच आली नाही. म्हणजे खोडाच्या टोकाकडून काहीतरी निरोप येतो, तो मिळाला तर समोरची बाजू 'वरची' होते. निरोप तुटला की सगळीकडून खालचीच.

पुढे १९९५ साली वेट्स आणि हडसन या दोघांनी स्नॅपड्रॅगनमध्ये, ज्याला आपले नर्सरीवाले डॉग फ्लॉवर म्हणतात, असाच बिघाड असलेली झाडं अभ्यासली. त्यांच्यात एक जनुक काम करत नव्हतं. काही पानं सुईसारखी, सगळीकडून खालच्या बाजूची. आणि काही पानांवर वरच्या बाजूला मधेच खालच्या बाजूचे ठिपके. त्या प्रत्येक ठिपक्याच्या कडेने पान पुन्हा उंचावून एक छोटीशी पाती वाढवायला लागलं होतं. यावरून त्यांनी म्हटलं की पात्याची वाढ होते ती वरची आणि खालची बाजू जिथे एकमेकींना भिडतात तिथे. एकच बाजू असेल तर पातं रुंदावतच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तळेगावच्या स्टँडवर बसची वाट पाहत होते. बस गेली, मी वाचत राहिले.

बायकांना यातलं बरंच आधीपासून माहीत आहे. अळूवडी करताना पान पालथं ठेवतो. शिरा वर येतात, त्या लाटण्याने दाबतो, मग पाठीला पीठ लावतो. कोणी पान सरळ ठेवून पीठ लावायला गेली तर सासूबाई हात धरतात. अळवावरचं पाणी ठरत नाही ते पानाच्या वरच्या बाजूच्या मेणचट, बारीक उंचवट्यांमुळे. थेंब मोत्यासारखा होतो आणि धूळ घेऊन घरंगळतो. त्यावर डाळीचं पीठ तरी कशाला बसेल? आणि पावसाळ्यात लोहगडाच्या सहलीला आपण गेलो होतो, तेव्हा कातळाच्या कपारीतलं रुपेरी नेचं कोणी तरी तोडून एकेकाच्या पाठीवर थापटी मारून छापलं होतं. निळ्या शर्टावर पांढरं शुभ्र पान. ती पांढरी पूड नेच्याच्या खालच्या बाजूला असते. पी. टी.च्या सरांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं होतं की हे कोणी केलं. सर, आता चाळीस वर्षं झाली, सांगायला हरकत नाही. ते मॉनिटरने केलं होतं.

आपल्या पिंपरीचाही यात एक धागा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील एच. ए.मध्ये होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण त्या कंपनीच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार नावाचे कवकशास्त्रज्ञ होते. मूळचे पानांवरच्या तांबेरा-काणीच्या बुरशींचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याला आपल्या गावावरून नाव दिलं, 'स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना'. त्यांनीच ऑरिओफंजिन शोधलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठीही वापरलं गेलं. डाळिंबवाल्यांच्या घरी तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या असायच्या, त्याही पिंपरीच्याच. शहराच्या नावाने मोटारी ओळखल्या जातात, याचं मला काही नाही. पण सूक्ष्मजीवाला गावाचं नाव, हे मला जास्त भारी वाटतं.

आता ज्यासाठी उभी राहिले ते.

मावळात गुलाबाची पॉलिहाऊसं किती आहेत ते तुम्ही एक्स्प्रेस वेवरून जाताना पाहताच. तळेगावला एम. आय. डी. सी.चं फुलांसाठीचं पार्क आहे. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेच्या आधी इथला ताजमहाल, टॉप सीक्रेट परदेशी जातो. फूल सगळे पाहतात. दांडी किती सेंटिमीटर, कळी किती घट्ट. पानाकडे नजर जाते ती पिवळं पडल्यावर.

मार्च लागला, ऊन तापलं, हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. कोळी म्हटलं तरी जाळ्यात माशी धरणारा मोठा नव्हे. अर्ध्या मिलिमीटरचा, आठ पायांचा, नुसत्या डोळ्यांना धुळीच्या कणासारखा. तो राहतो पानाच्या पाठीला. तिथे ऊन लागत नाही, पाणी पडत नाही, शिरांच्या कडेला आडोसा मिळतो. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याची अंडी मरतात, हेही पाठीला राहण्याचं एक कारण जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. तो एकेका पेशीत सोंड घालून रस शोषतो आणि वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके उमटतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून नवी पिढी तयार. पावसाळी, थंड, दमट हवेत डाऊनीचंही तसंच. वर जांभळट डाग आणि खाली राखाडी लव. द्राक्षावरचा केवडा तर रंध्रांतूनच आत शिरतो आणि रंध्रांतूनच बाहेर फुटतो. फक्त भुरी तेवढी बिचारी सरळ, वरही दिसते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही. एका पॉलिहाऊसमध्ये एप्रिलमध्ये आठवड्याला दोन फवारण्या चालू होत्या. औषध बदलून झालं, मात्रा वाढवून झाली, दोन औषधं मिसळून झाली. कोळी हटत नव्हता. लाल कोळी औषधाला फार लवकर सरावतो, तेव्हा मालकाला वाटलं औषध बोगस आहे. मला बोलावलं ते दुकानदाराविरुद्ध साक्ष द्यायला.

मी गेले त्या सकाळी आदल्या संध्याकाळची फवारणी झालेली होती. दरवाजा उघडला तर आत उकाडा आणि डोळे चुरचुरवणारा वास. तरीही सात बायका फुलं काढत होत्या, कारण गाडी अकराला निघायची होती. नाकाला साडीचा पदर. त्यातल्या एकीला त्या आठवड्यात दोनदा गरगरून उलट्या झाल्या होत्या. ऊन लागलं असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मी पान उलटलं, भिंग लावलं. पाठीवर जाळी, जाळीत अंडी, पिल्लं, मोठे कोळी, सगळं कुटुंब सुखात. त्या उलट्या झालेल्या बाईने माझ्याकडे बघून म्हटलं, "म्याडम, वरून पिवळं दिसायच्या आधीपासून ते खाली हाय. मी सांगितलं व्हतं." तिने सांगितलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी. ती रोज पानांच्या खालून हात घालून दांड्या कापते. तिला पाठ दिसते, सुपरवायझरला वरची बाजू.

माझ्याकडे एक पिवळा कागद असतो, पाण्याचा थेंब लागला की त्या जागी निळा होतो. एक तुकडा पानाच्या वर लावला, एक पाठीला. मालकाला म्हटलं, आता तुमच्या माणसाला रोजच्यासारखं नुसतं पाणी फवारू द्या. त्याने फवारलं. वरचा कागद निळाशार. पाठीचा कागद होता तसा पिवळा, कडेला दोन-चार टिपके. महिनाभर हजारो रुपयांचं औषध पानांच्या वरच्या बाजूला, जमिनीवर आणि त्या बायकांच्या अंगावर पडत होतं. कोळ्याच्या अंगावर थेंब नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे पानाच्या पाठीने तेच केलं होतं.

मालक थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने तो पिवळा कागद मागून घेतला आणि पाकिटात ठेवला.

पुढचं सोपं होतं. खालची जुनी, किडकी पानं काढून जाळली. नळीच्या टोकाला वाकडा दांडा लावला, नोझल खालून वर तोंड करून. आधी दोन वेळा नुसत्या पाण्याचा जोर पाठीला मारला, त्यानेच निम्मे कोळी धुऊन निघाले असावेत. मग लेबलवर लिहिलेल्या मात्रेत, एक थेंब जास्त नाही, एकच औषध. आणि फवारणीनंतर लेबलवर सांगितलेला वेळ होईपर्यंत कोणीही आत जायचं नाही, गाडी चुकली तरी. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. अजूनही होतो. शेवटी फवारणी शनिवारी दुपारी घ्यायची ठरली, म्हणजे रविवार सुट्टीचा आणि सोमवारी सकाळी आत. त्या उन्हाळ्यात फवारण्या निम्म्याहून खाली आल्या. आणि कोळी दिसतो का ते बघायचं काम त्या बाईला दिलं. रोज दहा ओळींतली दहा-दहा पानं उलटायची आणि वहीत फुल्या मारायच्या. तिला भिंग दिलं. त्या कामाचे तिला रोजचे वर पन्नास रुपये मिळावेत म्हणून मी मालकाशी भांडले आणि ते मिळाले.

हे इथे सांगण्याचं कारण आहे. आपल्यातल्या सहा जणांची पॉलिहाऊसं आहेत, काहींनी रिटायरमेंटचे पैसे त्यात घातले आहेत. आणि कित्येकांच्या जमिनीवर दुसरे लोक चालवतात. तुम्ही सगळे कंपनीत क्वालिटीचे, सेफ्टीचे कोर्स केलेले. पेंट शॉपमध्ये मास्कशिवाय माणूस आत सोडत नव्हता तुम्ही, मला माहीत आहे. गाडीच्या पत्र्याला वरून चकचकीत रंग देताना तुम्ही अंडरबॉडीचं कोटिंग विसरला असता तर दुसऱ्या दिवशी लाइन बंद पडली असती. तोच माणूस शेतात आला की म्हणतो, "अगं, ह्यांना सवय असते." कसली सवय? विषाची सवय कोळ्याला होते, माणसाला नाही.

सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या माळरानावर हजारो झाडं लावून घेतली आणि तळं करून घेतलं, ती सावली तुमच्यातल्या कितीतरी जणांनी जेवणाच्या सुट्टीत घेतली आहे. आता चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला जी झाडं शिल्लक आहेत त्यांच्या पानांवर बोट फिरवा, बोट काळं-तांबडं होतं. वरच्या बाजूवर धूळ बसली की आत ऊन कमी पोचतं. वड-आंब्याची रंध्रं खाली असल्यामुळे श्वास बराच वाचतो, एवढंच. पहिल्या पावसाची ती वाट बघत असतात आणि दर वर्षी त्यांतली काही रस्ता रुंद करताना जातात. त्यावर आज भाषण करत नाही, वेळ संपत आलाय, घड्याळाकडे बोट दाखवू नका.

आता पैशांचं. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधायची असा ठराव झाला आहे. मी त्या बैठकीला नव्हते, विरोध करायला उभी नाही. कमानीवर बॅचचं नाव येईल, छान दिसेल. पण गेल्या महिन्यात मी शाळेत गेले होते. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप आता तीन आहेत, त्यातले दोन चालतात. वर्गात मुलं साठच्या पुढे. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आपल्याहून थोडी जास्त सेकंदं. मुलं बरीचशी भोसरी, मोशी, कुरुळीकडच्या भाड्याच्या खोल्यांतली. आईबाप कंपनीत कंत्राटावर, नाहीतर अशाच पॉलिहाऊसमध्ये. त्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "पानाला मागून लाल टिपके असतात ते काय? माझी आई रोज बोटाने पुसते." तिची आई गुलाबावर काम करते. त्या मुलीच्या हातात त्या क्षणी भिंग असायला हवं होतं.

दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. एका वर्गाला साठ. शिवाय दोन चांगले मायक्रोस्कोप. कमानीच्या अंदाजपत्रकातून ग्रॅनाइटचा एक थर कमी केला तरी भागेल. इंजिनिअर मंडळींनी तो आकडा मला दाखवला, त्यामुळे आता नाही म्हणता येणार नाही. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना निधीतून नको, स्वतंत्र द्यायचंय, त्यांनी तिथे नाव लिहावं.

भिंगं आली की दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी शाळेत यायला तयार आहे. बाई, तुमचे गुडघे बरे असतील तर तुम्हीही या. रिओच्या चार कुंड्या माझ्या गच्चीत आहेत, त्या घेऊन येते. मीठ शाळेत असेलच.